आई-बाबांचं ग्रीन कार्ड, अमेरिकन विमा आणि "हे बिल नाही"

चाफा_ओहायो

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

माझे आई-बाबा मूळचे मिरजेचे. तीन वर्षांपूर्वी ग्रीन कार्डावर आमच्याकडे कोलंबसला आले. बाबा ६९, आई ६६. बाबांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेत हिशेबनीस म्हणून गेली. हे मुद्दाम सांगतेय, पुढे लागणार आहे.

फेब्रुवारीत एका रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं. ९११, अँब्युलन्स, ईआर (तातडीचा विभाग), ईसीजी, दर काही तासांनी रक्त, एक्स-रे, शेवटी सीटी. रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत, पित्त आहे. (आदल्या रात्री बाबांनी स्वतः केलेल्या मिसळीचा कट दोनदा घेतला होता. आईने ते डॉक्टरांना मराठीत सांगितलं, मी भाषांतर केलं नाही.)

तीन आठवड्यांनी पाकिटं यायला लागली. पहिलं विमा कंपनीचं. त्यात लिहिलेलं असं:

हॉस्पिटलने आकारले: २३,४१८ डॉलर
प्लॅनची सवलत: १७,८०६
मान्य रक्कम: ५,६१२
प्लॅनने दिले: २,४८९.६०
तुमच्याकडून येणं: ३,१२२.४०

आणि वर ठळक अक्षरात, "हे बिल नाही".

बाबांनी चष्मा पुसून तो कागद दोनदा वाचला. म्हणाले, "बिल नाही तर मग काय आहे? आणि सतरा हजार सोडले कुणी? आमच्याकडे कंत्राटदाराने तेवीस लावून पाच घेतले असते तर आधी चौकशी बसली असती." दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणि क्लिप फाईल आणायला लावली. आता जेवणाच्या टेबलावर माझ्या मुलीचा गृहपाठ एका बाजूला आणि बाबांचं ऑडिट दुसऱ्या बाजूला.

माझे प्रश्न:

दोघं पासष्टीच्या पुढचे आहेत, मग मेडिकेअर, म्हणजे इथला म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, का नाही? माझा भाऊ १९ वर्षं इथे टॅक्स भरतोय, त्याचा काही उपयोग? मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी विमा, मिळेल का, त्यांना इथे उत्पन्न शून्य आहे? आणि मुख्य म्हणजे, गेल्या वर्षापर्यंत मार्केटप्लेसवरचा (सरकारने चालवलेल्या विमा-बाजारातला) विमा अनुदानामुळे जवळपास फुकट होता, यंदा दोघांचे महिना २,४०० डॉलरच्या घरात गेले. हे काय झालं? आमचा नवा, कानाकोपरा धुंडाळणारा विमा एजंटसुद्धा "कायदा बदलला" एवढंच म्हणतो.

---

पोहेवाला

वाचतोय. खुर्ची ओढून बसलोय. बाबांना दंडवत सांगा.

---

बिलिंगवाली_मावशी

चाफाताई, न्यू जर्सीत हॉस्पिटलच्या बिलिंग खात्यात २२ वर्षं काढली, गेल्या वर्षी सुटले. सावकाश लिहिते.

आधी मेडिकेअर. ते वयाने मिळतं असं सगळे धरून चालतात. खरं तर पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलचा भाग, फुकट मिळतो तो ४० तिमाह्या, म्हणजे साधारण १० वर्षं, इथे पगारातून मेडिकेअरचा कर कापला गेला असेल तर. पगारावर १.४५ टक्के तुमचे आणि तेवढेच मालकाचे. स्वतःच्या तिमाह्या नसतील तर नवऱ्याच्या किंवा बायकोच्या चालतात. मुलाच्या चालत नाहीत. तुमच्या भावाने १९ काय ४० वर्षं कर भरला तरी तो आई-वडिलांच्या खात्यात जमा होत नाही. हा गैरसमज मी काउंटरवर इतक्या वेळा दूर केलाय की तेवढं एक वाक्य मला गुजराती आणि तेलुगूतही येतं.

कर न भरलेल्यांनाही मेडिकेअर विकत घेता येतं, पण ग्रीन कार्डावर सलग ५ वर्षं इथे राहिल्यावर. २०२६ चे दर: पार्ट ए महिना ५६५ डॉलर, पार्ट बी (डॉक्टर, तपासण्या) २०२.९०. म्हणजे माणशी ७६७.९०, दोघांचे १,५३५.८०. औषधांचा पार्ट डी वेगळा. स्वस्त नाही, पण २,४०० पेक्षा बरं. पाच वर्षं भरतील त्या महिन्याच्या आधी तीन महिने कॅलेंडरवर लाल खूण करून ठेवा. पार्ट बी उशिरा घेतला तर दर १२ महिन्यांच्या उशिरासाठी प्रीमियम १० टक्के वाढतो, आणि ती वाढ जन्मभर राहते.

मेडिकेड हे गरिबांचं. केंद्र आणि राज्य मिळून चालवतात, म्हणून प्रत्येक राज्यात नाव वेगळं, नियम वेगळे. कॅलिफोर्नियात मेडि-कॅल, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, टेनेसीत टेनकेअर. पण १९९६ च्या कायद्याने ग्रीन कार्डवाल्या बहुतेक प्रौढांना पहिली ५ वर्षं केंद्राच्या पैशातून मेडिकेड मिळत नाही. कॅलिफोर्नियासारखी राज्यं स्वतःच्या तिजोरीतून देतात, ओहायो देत नाही. पाच वर्षांनंतरसुद्धा स्पॉन्सरचं, म्हणजे तुमचं, उत्पन्न हिशेबात धरलं जाऊ शकतं. तुम्ही सही केलेला तो आधाराचा फॉर्म आठवतोय ना?

आता यंदाचा धक्का. २०१० च्या ओबामाकेअर या विमा कायद्यात एक छोटी खिडकी होती. ग्रीन कार्ड आहे, उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या खाली आहे, पण पाच वर्षांच्या अटीमुळे मेडिकेड नाही, अशांना मार्केटप्लेसवर अनुदान मिळायचं. तुमचे आई-बाबा नेमके त्या खिडकीतून आत आले होते. जुलै २०२५ च्या कायद्याने ती खिडकी १ जानेवारी २०२६ पासून बंद केली. त्यातच २०२१ साली सगळ्यांचंच अनुदान वाढवलं होतं, ते २०२५ अखेर संपलं. त्यामुळे एकाच जानेवारीत दोन दरवाजे आपटले.

एक उपाय तपासा. आई-बाबांना तुमच्या टॅक्स रिटर्नमध्ये अवलंबित म्हणून दाखवलं तर सगळ्या घराचं उत्पन्न एकत्र धरलं जातं. ते घराच्या माणसांच्या संख्येनुसार दारिद्र्यरेषेच्या चौपटीच्या आत असेल तर अनुदान परत मिळू शकतं. तुम्ही दोघंही आयटीत असाल तर विसरा.

बिलाचं उद्या लिहिते. नातवाला पोहायला न्यायचंय.

---

कोथरूडचा_बंडू

हे वाचून डोकं गरगरलं. मला वाटायचं अमेरिकेत सरकारी विमा नाहीच, सगळं खाजगी. इथे तर दोन दोन सरकारी योजना निघाल्या. मग तरी लोक बिलाने दिवाळखोर कसे होतात?

---

जुनी_पेटी

बंडूशेठ, दोन नाहीत, मोजायला बसलात तर बोटं पुरायची नाहीत. म्हाताऱ्यांना मेडिकेअर, गरिबांना मेडिकेड, मेडिकेडच्या जरा वरच्या घरातल्या मुलांना चिप (१९९७ पासून), माजी सैनिकांना व्हीए या त्यांच्या खात्याची स्वतःची हॉस्पिटलं, मूळ रहिवासी जमातींना वेगळी सेवा. उरलेल्यांपैकी बहुतेकांना नोकरीतून. आणि या सगळ्या चाळण्यांतून गळून जे खाली पडतात त्यांना काही नाही.

नोकरीतून विमा हा प्रकार कुणी ठरवून केलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढ गोठवली. कामगार मिळेनात, तेव्हा कारखानदारांनी पगाराऐवजी विम्याचं गाजर दाखवलं. विम्यावर कर लागत नाही हे १९५४ च्या कर कायद्याने पक्कं झालं आणि गाजराला मुळं फुटली. आज पंधरा कोटींहून जास्त लोक त्यावर आहेत.

राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमनने १९४५ मध्ये सगळ्या देशासाठी विम्याचा प्रस्ताव मांडला होता. डॉक्टरांच्या संघटनेने तो हाणून पाडला. वीस वर्षांनी, ३० जुलै १९६५ ला, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन ट्रुमनच्या गावी, मिसुरीतल्या इंडिपेंडन्सला गेले आणि म्हाताऱ्या ट्रुमनच्या शेजारी बसून मेडिकेअर आणि मेडिकेडवर सही केली. मेडिकेअरचं पहिलं कार्ड ट्रुमनना दिलं.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तोवर दक्षिणेतल्या हॉस्पिटलांत काळ्यांचे वॉर्ड वेगळे, कुठे कुठे त्यांना दारच बंद. जॉन्सनच्या लोकांनी सांगितलं, मेडिकेअरचा पैसा हवा तर वॉर्ड एक करा. जुलै १९६६ ला योजना सुरू व्हायच्या आत हजाराहून जास्त हॉस्पिटलांनी मुकाट्याने भिंती पाडल्या. मोर्चे, खटले यांनी वर्षानुवर्षं न झालेलं काम चार महिन्यांत पैसे बुडायच्या भीतीने झालं.

---

तात्या_डॅलस

इतिहास छान, पण मूळ रोग राहिला बाजूला. सरकार जिथे जिथे घुसलं तिथे तिथे किमती वाढल्या. मी ३१ वर्षं इथे आहे. ४.९ लाख कोटी डॉलर खर्च झाला २०२३ साली, देशाच्या उत्पन्नाच्या १७.६ टक्के. डोक्यामागे १४,५७० डॉलर. यात मेडिकेअरचा वाटा एक लाख कोटीच्या वर, मेडिकेडचा ८७ हजार कोटी. दुसऱ्याच्या खिशातून पैसे जात असतील तर कोण भाव करतो? पेशंटने स्वतः पैसे मोजले की किमती आपोआप खाली येतील. डोळ्यांचं लेझर बघा. विमा नाही, म्हणून स्वस्त.

आमच्या टेक्सासने मेडिकेडची पात्रता वाढवली नाही आणि काही बिघडलं नाही.

---

बिलिंगवाली_मावशी

तात्या, डोळ्यांच्या लेझरला माणूस चार ठिकाणी भाव विचारून, सवडीने जातो. चाफाच्या बाबांनी रात्री दीडला छातीवर हात ठेवून कुठे भाव करायचा होता?

तुमचे आकडे बरोबर आहेत. पण तुम्ही म्हणता ती सरकारी योजनाच भाव सगळ्यात कमी देते, हे सोयीस्करपणे गाळलंत. १९८३ पासून मेडिकेअर हॉस्पिटलला आजारानुसार ठराविक रक्कम देतं. न्यूमोनियाचा पेशंट चार दिवस राहिला काय आणि सात दिवस राहिला काय, पैसे साधारण तेवढेच. खाजगी विमा कंपन्या त्याच हॉस्पिटलला त्याच कामाचे सरासरी अडीचपट मोजतात. आमच्या खात्यात म्हणायचे, मेडिकेअरचा पेशंट वीजबिल भरतो आणि खाजगी विम्याचा पेशंट नवी इमारत बांधतो.

बाकी श्रीमंत देशांपेक्षा अमेरिकन माणूस डॉक्टरकडे जास्त जातो असंही नाही. हॉस्पिटलात दिवसही कमीच काढतो. मग पैसा जातो कुठे? एकेका गोष्टीच्या भावात, आणि तो भाव ठरवायला, नाकारायला, पुन्हा मागायला बसवलेल्या माणसांत. मी त्यातलीच एक होते. आमच्या एका मजल्यावर क्लेम पाठवणाऱ्या बायका होत्या, गावाच्या दुसऱ्या टोकाला विमा कंपनीच्या मजल्यावर ते नाकारणाऱ्या. दोघींचा पगार चाफाच्या बाबांच्या २३,४१८ मध्ये.

आता बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. ते सतरा हजार कुणी सोडलेच नाहीत, कारण ते कधी खरे नव्हते. प्रत्येक हॉस्पिटलकडे हजारो ओळींचं एक दरपत्रक असतं. ते दर घासाघीस सुरू करायला लावलेले असतात. लक्ष्मी रोडवर पूर्वी साडीचा भाव सांगायचे तसे. विमा कंपनी आधीच करार करून ठेवते की या कामाचे इतकेच देऊ, ती ती "मान्य रक्कम". खरा व्यवहार ५,६१२ चा. त्यातले पहिले २,५०० तुमच्या प्लॅनचं डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागायच्या आधी स्वतः भरायची रक्कम) असणार आणि उरलेल्याच्या २० टक्के तुमचे, हो ना? २,५०० अधिक ६२२.४०. बाबांना सांगा, बेरीज जुळते.

त्या दरपत्रकाचा पूर्ण भाव लागतो तो फक्त विमा नसलेल्याला. म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे त्याला सगळ्यात मोठा आकडा.

---

तात्या_डॅलस

लक्ष्मी रोडचं उदाहरण आवडलं. बाकी असहमत. अडीचपट का द्यावे लागतात? कारण सरकार कमी देतं आणि तूट खाजगीवाल्यांवर टाकतात. तुम्हीच सांगितलंत.

---

बिलिंगवाली_मावशी

हॉस्पिटलवाले तसंच सांगतात. पण गावात एकच हॉस्पिटल उरलं की त्याचा भाव वाढतो, शेजारी दुसरं असलं की कमी असतो, आणि मेडिकेअरचा दर मात्र दोन्हीकडे सारखाच नियमाने ठरतो. मक्तेदारीचं बिल सरकारच्या नावावर फाडू नका.

टेक्सासचं म्हणाल तर २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मेडिकेड वाढवणं राज्यांच्या मर्जीवर सोडलं. ४० राज्यांनी वाढवलं, १० राहिली, त्यात तुमचं आहे. तुमच्याकडे अपंग नसलेला, मुलं नसलेला गरीब माणूस कितीही गरीब असला तरी मेडिकेड नाही, आणि दारिद्र्यरेषेखाली म्हणून मार्केटप्लेसचं अनुदानही नाही. त्याच्यापेक्षा जरा जास्त कमावणाऱ्याला अनुदान मिळतं. काही बिघडलं नाही म्हणता, ते तुमचं.

---

पोहेवाला

तात्या विरुद्ध मावशी. 🍿 संपादक, धागा कुलूपबंद करू नका हो.

---

दर्याकाठ

मी गोव्यात वेर्ण्याला औषध कारखान्यात दर्जा तपासणीत आहे. आमच्या गोळ्या अमेरिकेला जातात, त्यामुळे तिथले निरीक्षक आमच्याकडे येऊन नळाखालची फरशीसुद्धा वाकून बघतात. तिथल्या खर्चाची दुसरी बाजू मी सांगतो.

अमेरिकेत दर दहापैकी नऊ प्रिस्क्रिप्शनं जेनेरिकची असतात, आणि ती खरंच स्वस्त असतात, बऱ्याचदा युरोपपेक्षाही. त्यातली मोठी संख्या भारतातून जाते. पैसा जातो तो उरलेल्या एका ब्रँडवाल्या गोळीत.

सिटाग्लिप्टिन घ्या, मधुमेहाची गोळी, घराघरात असते. भारतात तिचं पेटंट जुलै २०२२ मध्ये संपलं आणि डझनावारी कंपन्यांनी ती काढली, भाव कोसळला. अमेरिकेत तीच जॅनुव्हिया या नावाने महिन्याच्या ५२७ डॉलर यादीभावाने विकली जात होती. २००३ साली मेडिकेअरला औषधांचा विमा जोडताना कायद्यातच लिहिलं होतं की सरकारने कंपन्यांशी भाव करायचा नाही. एवढा मोठा गिऱ्हाईक आणि भाव करायला बंदी! २०२२ च्या कायद्याने ती बंदी थोडी उठवली. पहिली दहा औषधं निवडली, त्यात जॅनुव्हिया होती, आणि जानेवारी २०२६ पासून मेडिकेअरसाठी तिचा भाव ११३ डॉलर. त्याच कायद्यामुळे मेडिकेअरवाल्याला इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर लागत नाही आणि औषधांचा वर्षाचा स्वतःचा खर्च यंदा २,१०० ला थांबतो.

मधल्या दलालांबद्दल कुणी लिहिलं नाही. औषध कंपनी आणि विमा यांच्या मध्ये भाव ठरवणाऱ्या कंपन्या असतात, पीबीएम म्हणतात. केअरमार्क, एक्सप्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम या तिघांकडे बाजाराचा सुमारे ऐंशी टक्के धंदा. यादीभाव जितका मोठा, तितकी सूट मोठी दाखवता येते आणि त्यातला वाटाही. नारळाच्या बागेत पाडप्याने नारळांवर नाही तर झाडाच्या उंचीवर मजुरी मागावी तसा प्रकार.

---

मोठी_सून

हा धागा दोन वर्षांपूर्वी असता तर आमचे काही हजार वाचले असते.

माझ्या सासूबाईंकडे मेडिकेअर आहे. नागरिक आहेत, शाळेच्या कॅफेटेरियात १२ वर्षं काम केलंय, सगळं रीतसर. बाथरूममध्ये पडल्या, मणक्याला बारीक फ्रॅक्चर. हॉस्पिटलात चार रात्री. तोच पलंग, तोच हिरवा गाऊन, मनगटाला तोच पट्टा. मग चालता यावं म्हणून पुनर्वसन केंद्रात पाठवलं. मेडिकेअरचा नियम: हॉस्पिटलात सलग तीन दिवस "दाखल" असाल तर अशा केंद्राचे पहिले २० दिवस पूर्ण मोफत, पुढे १०० दिवसांपर्यंत रोजचे २१७ डॉलर तुम्ही द्यायचे (यंदाचा दर). आम्ही निर्धास्त.

पण सासूबाई चार रात्री "दाखल" नव्हत्याच. कागदावर त्या "निरीक्षणाखाली" होत्या. म्हणजे हिशेबाला बाह्यरुग्ण. चार रात्री पलंगावर झोपलेली बाह्यरुग्ण! केंद्राचं सगळं बिल आमच्यावर. दुसऱ्या दिवशी एका नर्सने एक कागद सहीला दिला होता, त्यावर हे लिहिलेलं होतं. २०१७ पासून तो देणं बंधनकारक आहे. सासूबाईंनी "बरं बरं" म्हणत सही केली, मी खाली पार्किंगचं तिकीट बदलायला गेले होते.

त्यामुळे ज्यांचे आई-वडील मेडिकेअरवर आहेत त्यांनी रोज सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरला एकच विचारा: दाखल की निरीक्षण? आणि बदलून मिळेल का? बदलतं कधी कधी.

---

चाफा_ओहायो

बाप रे. आणि कायमचं नर्सिंग होम लागलं तर?

---

मोठी_सून

ते मेडिकेअर देत नाहीच. दात, चष्मा, श्रवणयंत्रही साध्या मेडिकेअरमध्ये नाहीत. नर्सिंग होममधल्या दहापैकी सहा माणसांचा खर्च मेडिकेड उचलतं, पण त्यासाठी आधी स्वतःचं सगळं संपवावं लागतं. बऱ्याच राज्यांत खात्यात २,००० डॉलर उरले की पात्र. मुलाच्या नावावर घर करून टाकू म्हणाल तर मागच्या ६० महिन्यांचे व्यवहार तपासतात. आयुष्यभर मध्यमवर्गीय राहिलेला माणूस शेवटी गरीब म्हणून दाखला काढतो.

---

परतवाट_पुणे

थोडं उलट्या दिशेने. आम्ही २८ वर्षं तिथे राहून गेल्या वर्षी बाणेरला परतलो. मेडिकेअर भारतात एक पैसा देत नाही. पार्ट ए फुकट असल्याने राहू दिला. पार्ट बीवरून घरात महिनाभर वाद. महिना दोनशे डॉलर भरायचे आणि वापर शून्य. सोडला आणि पाच वर्षांनी मुलीकडे परत जावं लागलं तर जन्मभर ५० टक्के जास्त, शिवाय नावनोंदणी फक्त जानेवारी ते मार्चमध्ये.

मी सोडला. बायकोने ठेवला. एका घरात दोन पक्ष.

इथे गुडघ्याचं ऑपरेशन केलं तेव्हा हॉस्पिटलने आधीच कागदावर पॅकेज लिहून दिलं आणि शेवटी त्याच्या आसपासच आकडा आला. सुख म्हणजे काय ते कळलं. (डिस्चार्जच्या दिवशी टीपीएची, म्हणजे क्लेम हाताळणाऱ्या मधल्या कंपनीची, मंजुरी येईपर्यंत सात तास लॉबीत बसलो, ते सोडा.)

---

एचवन_हमाल

अवांतर. नोकरी गेलेल्यांसाठी. मला फेब्रुवारीत काढलं. व्हिसावर दुसरी नोकरी शोधायला ६० दिवस. कंपनीचा विमा कोब्रा नावाच्या सोयीने चालू ठेवता येतो, पण आता मालकाचा वाटाही तुमचा, वर २ टक्के हाताळणी. कुटुंबाच्या विम्याचा वर्षाचा हप्ता २०२५ मध्ये सरासरी २६,९९३ डॉलर होता. त्यातले जेमतेम सहा-सात हजार पगारातून कापले जातात, म्हणून नोकरी असेपर्यंत कळत नाही. गेल्यावर कळतं. बायको सात महिन्यांची गरोदर आहे. कोब्रा घेतला.

---

बिलिंगवाली_मावशी

हमालभाऊ, घेतलात ते बरोबर केलंत, डॉक्टर बदलू नका आता. नोकरी गेल्यावर ६० दिवसांत मार्केटप्लेसवरही जाता येतं, पण चालू बाळंतपणात नेटवर्क (विम्याशी करार असलेली डॉक्टर-हॉस्पिटलं) बदललं की सगळं विस्कटतं. तुमच्या राज्यात गरोदर बायकांना पाच वर्षांची अट आणि व्हिसा यांत सूट आहे का तेही विचारा. पुष्कळ राज्यांत आहे. देशातली दहापैकी चार बाळंतपणं मेडिकेडवर होतात, लाजायचं कारण नाही.

चाफाताई, तुमच्यासाठी शेवटचं. पैसे लगेच भरू नका. हॉस्पिटलला फोन करून ओळीवार बिल मागा, कोडसकट. ईओबीशी, म्हणजे त्या "हे बिल नाही" वाल्या कागदाशी, ताडून बघा. एक्स-रे वाचणारा डॉक्टर, ईआरचा डॉक्टर यांची बिलं वेगळी येतील. ते तुमच्या नेटवर्कबाहेरचे असले तरी २०२२ पासून ईआरमध्ये त्यांना जादा मागता येत नाही. रस्त्यावरची अँब्युलन्स मात्र त्या कायद्यातून सुटली आहे, ते पाकीट अजून आलं नसेल तर जपून. हॉस्पिटल ना-नफा असेल तर त्यांच्याकडे आर्थिक साहाय्याचं लेखी धोरण असावंच लागतं. फॉर्म मागा. बाबांचं स्वतःचं उत्पन्न शून्य आहे, पण ते घर कसं मोजतात ते बघा. आणि ज्याच्याशी बोलाल त्याचं नाव, वेळ, संदर्भ क्रमांक लिहून ठेवा.

---

जुनी_पेटी

अति अवांतर: मिरजेचे म्हणजे बाबा वानलेस हॉस्पिटल बघतच मोठे झाले असणार. अमेरिकन मिशनच्या डॉक्टर वानलेसनी १८९४ साली काढलेलं.

---

चाफा_ओहायो

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, तुम्ही नसता तर काय केलं असतं. उशीर झाला लिहायला, कारण बरंच घडलं.

जुनी पेटी, बाबांना वाचून दाखवलं. त्यांचा जन्मच तिथला. म्हणाले, "आजी सांगायची, बिलाच्या वेळी म्हणे विचारायचे, किती देऊ शकता." मग बराच वेळ गप्प बसले.

अँब्युलन्सचं पाकीट आलं. ९ मैलांचे १,४१० डॉलर, नेटवर्कबाहेर. त्याच्याशी भांडण वेगळं चालू आहे.

ओळीवार बिल मागितलं, अकरा दिवसांनी आलं, चार पानं. बाबांनी पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली. तिसऱ्या पानावर छातीचा एक्स-रे दोनदा लावलाय. वेळ ३:१० आणि ३:५५. बाबांचं म्हणणं, एकदाच काढला, दुसऱ्या वेळी मशीन दारापर्यंत आणून परत नेलं, कारण तोवर सीटीचं ठरलं होतं. त्यांना ते लक्षात आहे कारण मशीनचं एक चाक कुरकुरत होतं.

मी फोन लावला. ५० मिनिटं संगीत. मग एक बाई आली, फार गोड बोलली, म्हणाली तक्रार "तपासणीत" घेतली आहे, ३० ते ४५ दिवस लागतील, तोवर वसुलीला पाठवणार नाही. आर्थिक साहाय्याचा फॉर्म डाकेने पाठवते म्हणाली. फोन स्पीकरवर होता. बाबांनी मला खुणेने थांबवलं, वहीचं पान उलटलं आणि म्हणाले, "तिला नाव विचार. स्पेलिंगसकट."

लिहून घेतलं. खाली तारीख, वेळ आणि आपली लपेटदार सही केली. मी म्हटलं बाबा, वहीवर सही कशाला? "सवय," म्हणाले, आणि एक्स-रेच्या ओळीपुढे लाल पेनाने लिहिलं: आक्षेप क्र. १, खुलासा प्रलंबित.